पेशी नसलेली प्लेट

"मामू, ही डिस्टिल्ड पाण्याची बाटली तुम्ही कधी भरलीत?"

सिंकापाशी उभे असलेले महिबूबमामू ओल्या हातांनीच मागं वळले. "कालच की. का, काय झालं?"

"रंग येत नाहीये."

मामूंनी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि माझ्या टेबलापाशी आले. समोर तळहाताएवढी प्लॅस्टिकची प्लेट होती. तिच्यात शहाण्णव बारीक खड्डे. एव्हाना त्यांतल्या एका रांगेत फिकट गुलाबीपासून गडद राणी रंगापर्यंत चढत्या पायऱ्या दिसायला हव्या होत्या. दिसत होतं ते नुसतं मळकट पाणी.

ही एप्रिल १९९८ची गोष्ट. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या जीवरसायन विभागात मी पीएच.डी. करत होते. मी अंबिका गाजूल. माझे वडील साखर पेठेतल्या एका रंगखान्यात सूत रंगवायचे. महिबूबमामू त्या विभागात बावीस वर्षं अटेंडंट होते. प्राध्यापक आले नि गेले, पण कुठल्या कपाटात काय आहे हे फक्त मामूंना माहीत असायचं. आणि आमचे विभागप्रमुख, माझे मार्गदर्शक, डॉ. बसवराज हत्तुरे. छप्पन्न वर्षांचे, उंच, पांढरी सफारी आणि कपाळावर भस्माची बारीक रेघ. त्यांच्या शिकवण्यावर अख्खं कॉलेज खूश होतं आणि त्यांच्या रागाला अख्खं कॉलेज भीत होतं.

सर ज्या वायूवर काम करायचे तो फार गमतीचा. नायट्रिक ऑक्साइड. आपल्या पेशी तो स्वतःच बनवतात आणि बनला की काही सेकंदांत तो नाहीसा होतो. रक्तवाहिनी सैल पडायला तो चिमूटभर पुरतो. जंतू मारायचे तर भरपूर लागतो. आणि प्रमाणाबाहेर गेला तर स्वतःच्याच सांध्यांना सूज आणतो. म्हणून तो कधी आणि किती करायचा, हे काम पेशीनं एका एन्झाइमकडे सोपवलेलं असतं. ते एन्झाइम आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल घेतं, त्यातून हा वायू सोडतं आणि मागं सिट्रुलिन नावाचा पदार्थ उरतो.

"या एन्झाइमचे भाऊ आहेत," सर वर्गात सांगायचे. "थोरला कायम घरातच असतो. कॅल्शियमनं हाक मारली की उठतो, जरासं काम करतो, परत आडवा होतो. धाकटा मात्र घरात नसतोच. जंतू आल्याची वर्दी मिळाली की पेशी त्याला नव्यानं घडवते. आणि एकदा कामाला लागला की तो कुणाचं ऐकत नाही. कच्चा माल असेपर्यंत करतच राहतो."

आम्ही या धाकट्याच्या मागं होतो. उंदराच्या पोटातून काढलेल्या पेशी प्लेटमध्ये ठेवायच्या, त्यांना जंतूंच्या कवचाचा अंश द्यायचा आणि एक दिवस थांबायचं. वायू तर उडून गेलेला असतो, पण तो जाताना नायट्राइट मागं ठेवतो. त्यावर दोन रसायनांचं मिश्रण घातलं की दहा मिनिटांत राणी रंग येतो. जितका वायू झाला असेल तितका रंग गडद. आणि माळरानावरच्या एका झुडपाच्या पानांचा अर्क पेशींना आधी दिला, तर तो रंग फिका पडायचा. झुडपाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी काढा उकळायला घेईल. सरांच्या आई ती पानं वाटून दुखऱ्या गुडघ्यांना लावायच्या. तो अर्क धाकट्या एन्झाइमला आवरतो, असं सरांनी दोन लेखांतून मांडलं होतं. तीन आठवड्यांनी हैदराबादच्या परिषदेत त्याच विषयावर त्यांचं मोठं व्याख्यान होतं, आणि माझा सगळा प्रबंध त्याच पायावर उभा होता.

त्या दिवशी मी पेशींचं काही करतच नव्हते. रंग मोजायचा तर तुलनेला ठाऊक मापाचं नायट्राइट लागतं. ते नुसत्या द्रावणात कमीजास्त करून एक रांग भरायची, एवढंच काम होतं. ती रांग बिघडली होती.

मामू प्लेटवर वाकले. "यात पेशी नाहीत ना?"

"नाहीत. नुसतं नायट्राइट आहे."

"अशी प्लेट मी आधी एकदा धुतलीय."

"कधी?"

"झाली पाच वर्षं." एवढं बोलून ते सिंकाकडे गेले आणि नळ जरा जास्तच मोठा सोडला.

मी रसायनांच्या बाटल्या तपासल्या. ठीक होत्या. मग मला माझ्या वडिलांची रीत आठवली. सुतावर रंग चढला नाही तर ते रंगाला हात लावायचे नाहीत, आधी हौदातलं पाणी बघायचे. मी द्रावणाची बाटली उचलली. लेबल माझ्याच अक्षरातलं होतं. घाईत मी साध्या द्रावणाऐवजी अर्क मिसळलेलं द्रावण घेतलं होतं.

पहिल्यांदा हायसं वाटलं. गाढवपणा झाला, दुसरं काही नाही. मी साधं द्रावण घेऊन नवी रांग भरली आणि दहा मिनिटांत झकास राणी रंग आला. त्या रंगाकडे बघता बघताच माझ्या लक्षात आलं.

पेशीच नव्हत्या. म्हणजे एन्झाइमही नव्हतं. तरीही अर्कानं रंग घालवला होता. मग इतके दिवस आमच्या प्लेटमध्ये जो रंग फिका पडत होता, तो एन्झाइम आवरल्यामुळे कशावरून? कदाचित एन्झाइम अख्खा दिवस राबतच होतं आणि अर्क नुसती त्याच्या कामाची खूण पुसून टाकत होता.

मी तीच रांग पुन्हा मुद्दाम अर्कात भरली. रंग नाही. आणखी एकदा भरली. नाही.

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात सरांचा विचार आला नाही, शास्त्राचा तर नाहीच. माझी साडेतीन वर्षं डोळ्यांसमोर आली. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. गल्लीत सगळे आतापासूनच मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले होते. मी प्लेट उचलली आणि सिंकापाशी गेले. मामू काही धुवायचं असलं की न सांगता हात पुढं करायचे. आताही केला, आणि मग मागं घेतला.

"ही मी नाही धुणार," ते म्हणाले.

"का?"

"मागची धुतली होती. सरांनी सांगितलं म्हणून धुतली. त्या पोरानं हात धरला होता माझा, मामू, राहू दे म्हणून. तरी धुतली." त्यांनी नळ बंद केला. "तुला ओतायची तर तू ओत, बेटी. माझ्या हातानं नको."

"कोण पोरगा, मामू?"

"ते सर सांगतील. मी नोकर माणूस."

मी प्लेट ओतली नाही. झाकण लावून, दोन्ही हातांत धरून सरांच्या खोलीत गेले.

सर हैदराबादच्या स्लाइड उजेडाकडे धरून बघत होते. मी काय झालं ते सांगितलं. भरभर सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी प्लेट हातातही घेतली नाही.

"हे करायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही, सर. चुकून झालं."

"महिबूबनं?"

"नाही सर. खरंच चुकून झालं."

त्यांनी हातातली स्लाइड खाली ठेवली. मग म्हणाले, "वहीत लिहिलंस?"

"अजून नाही."

आता ते लिहू नको म्हणणार, असं मला वाटलं. त्यांनी स्लाइड डब्यात भरल्या, डबा बंद केला, छत्री घेतली आणि टळटळीत दुपारी घरी निघून गेले.

दोन दिवस ते आले नाहीत. बावीस वर्षांत सरांनी अशी रजा काढलेली मामूंनी पाहिली नव्हती. मी वहीत सगळं लिहून काढलं. तारीख, वेळ, चुकीच्या बाटलीसकट. लिहिलं नसतं तर मामूंसमोर उभं राहता आलं नसतं, एवढंच खरं.

तिसऱ्या दिवशी सर आले ते थेट माझ्या टेबलापाशी. दाढी वाढलेली होती.

"गाजूल, सिट्रुलिन मोज."

मला लगेच उमगलं आणि लाजही वाटली. हे मला सुचायला हवं होतं. एन्झाइम जितका वायू करतं, बरोबर तितकंच सिट्रुलिन मागं ठेवतं. अर्क नायट्राइटची खूण पुसत असला तरी सिट्रुलिनला हात लावेलच असं नाही. एन्झाइम खरोखर थंडावलं असेल तर सिट्रुलिनही कमी भरेल.

"त्या पेशींत युरियाही असतो. तो त्याच चाचणीत आडवा येतो," सर म्हणाले. "आधी युरिएज घालून तो काढ. आणि अर्काची स्वतंत्र ब्लँक लाव, म्हणजे पेशींशिवाय नुसत्या अर्काची नळी. सिट्रुलिन घातलेली आणि न घातलेली, दोन्ही."

पुढचे पाच दिवस आम्ही दोघांनी मिळून काम केलं. सरांनी कित्येक वर्षांनी पिपेट हातात घेतली होती. त्यांचा हात अजून सुंदर चालायचा. थेंब मोजून पडायचा. मामू न मागता भांडी आणून ठेवत होते. बाहेर ऊन भाजून काढत होतं, पंखा गरम हवा खाली ढकलत होता आणि कुठूनतरी सुताला लावतात त्या खळीचा आंबूस वास यायचा. आज सोलापुरातून जाताना तो वास आला की मला घरापेक्षा आधी ती खोली आठवते.

पाचव्या दिवशी आकडे आले. अर्क दिलेल्या पेशी आणि न दिलेल्या पेशी. सिट्रुलिन दोन्हींत सारखंच.

सरांनी आकडे दोनदा वाचले. "म्हणजे एन्झाइमला आपण कधी हातही लावला नव्हता."

"हो सर."

त्यांनी माझ्यासमोर हैदराबादच्या आयोजकांना पत्र लिहिलं. व्याख्यान मागं घेतोय. कारण, आमचा निष्कर्ष चुकीचा निघाला. मग टोपण लावत म्हणाले, "उद्या सकाळी सातला एसटी स्टँडवर ये. वही आण."

"कुठं जायचंय?"

"सांगोल्याला."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वाटेवर ते खिडकीशी बसून होते. मंगळवेढा मागं पडलं. मी दोनदा विचारायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी "पोचल्यावर कळेल" एवढंच म्हटलं. माझी समजूत अशी होती की आम्ही झुडपाची पानं आणायला चाललोय, किंवा कुणा वैद्याला भेटायला.

स्टँडच्या मागल्या गल्लीत एका गाळ्यावर पाटी होती: वाघमोडे क्लिनिकल लॅबोरेटरी. रक्त, लघवी, थुंकी तपासून मिळेल. आत एक लाकडी बाक, त्यावर पाच-सहा माणसं, आणि पडद्यापलीकडे तिशीतला एक माणूस नळीत रक्त घेऊन उजेडात बघत होता. त्यानं मान वर केली. सरांना बघून त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"शुगरच्या नळ्या लावल्यात," तो म्हणाला. "सोडता येणार नाहीत. बसा."

सर बाकावर बसले. एका म्हातारीनं त्यांना जागा करून देत विचारलं, "तुम्हाला बी शुगर का ओ?" सर "नाही" म्हणाले आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. सव्वा तास आम्ही तसेच होतो. ज्यांच्यासाठी प्राचार्य उठून उभे राहायचे ते हत्तुरे सर, पेशंटांच्या रांगेत. मला अजून काहीही माहीत नव्हतं, पण उठून जाऊ या असं म्हणायचं धाडस झालं नाही.

शेवटी तो बाहेर आला. "बोला."

सर उभे राहिले. "वाघमोडे, तुझं बरोबर होतं."

त्यानं माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. मी ती पुढं केली. त्यानं उभ्याउभ्याच पानं उलटायला सुरुवात केली. सावकाश वाचत होता. मध्येच मला विचारलं, "अर्काची ब्लँक कुठाय?"

"पुढच्या पानावर."

"सिट्रुलिन मोजलं. युरिया काढलावता?"

"हो. युरिएज घालून."

"हां." त्यानं वही मिटली. "मी सिट्रुलिनपर्यंत पोचलोच न्हाई. त्याच्या आधीच निघालो."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामूंनी धुतलेली ती पहिली प्लेट या माणसाची होती. बिरुदेव वाघमोडे. माझ्या आधी याच टेबलावर, याच विषयावर काम करणारा विद्यार्थी. त्याचं नाव विभागात कुणी काढत नसे. तो मध्येच सोडून गेला एवढंच मला ठाऊक होतं.

बाकावरची माणसं बघत होती. सरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज न चोरता बोलायला लागले.

"या मुलानं पाच वर्षांपूर्वी मला माझी चूक दाखवली होती. तेव्हा माझा पहिला लेख छापायला गेला होता. मी त्याची प्लेट धुवायला लावली. आणि सगळ्या विभागासमोर त्याला हात पुढं करायला लावून म्हणालो, हे हात मेंढरं वळायचे आहेत, पिपेट धरायचे नाहीत." ते बिरुदेवकडे वळले. "मला माहीत होतं त्याचं बरोबर असेल. त्याच दिवशी माहीत होतं. चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांत परत घेतोय."

गल्लीतून एक टमटम गेली.

"परत घेऊन ठेवणार कुठं, सर?" बिरुदेव म्हणाला.

त्यानं वही माझ्या हातात परत दिली.

"माझ्या आज्यानं मेंढरं वळली, बानं वळली. त्याची मला लाज न्हवती. तुम्ही ती लाज दिली. त्यानंतर वर्षभर मी सुई धरली की हात थरथरायचा. लोकांच्या शिरा शोधायच्या, आन् हात थरथरतोय." तो हे रागानं म्हणाला नाही, आजार सांगावा तसं म्हणाला. "आता न्हाई थरथरत. पण तुम्ही आलात म्हणून न्हाई थांबलेला तो."

"हो," सर म्हणाले. "ते माझं श्रेय नाही."

"तुम्ही परत नाव नोंदवा म्हणणार असाल तर नको."

"तेच म्हणणार होतो."

"नको. बसा, चहा घेऊन जा."

चहा आला. तिघांनी प्यायला. सरांनी नमस्कार केला, त्यानंही केला. आम्ही स्टँडकडे निघालो. सर एकदम म्हातारे दिसत होते, चालताना माझ्या मागं पडत होते. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांच्यासाठी थांबून त्यांना आधार द्यावासाही वाटत होता. हे दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला तेव्हा नवीन होतं.

गाडी लागलेली होती. आम्ही बसलो, तेवढ्यात बिरुदेव चालत आला आणि माझ्या खिडकीखाली उभा राहिला. सरांकडे त्यानं पाहिलं नाही.

"मॅडम, आर्जिनेज मोजलंत का?"

"नाही."

"मी एकदा प्लेट दोन दिवस ठिवली होती. दुसऱ्या दिवशी रंग वाढायचाच थांबला. मला वाटलं एन्झाइम मेलं. म्हणून बघावं तर थोडं आर्जिनिन टाकलं, परत रंग वाढाया लागला! म्हंजे एन्झाइम जिवंत हाय, त्याला खायाला न्हाई. एवढं आर्जिनिन गेलं कुठं? ते एकटं एवढं खात न्हाई, मी हिशेब केलावता."

सर खिडकीकडे झुकले. ते विद्यार्थ्यासारखे ऐकत होते.

"दुसरं कुणीतरी त्याच ताटात जेवतंय," बिरुदेव म्हणाला. "आर्जिनेज. ते त्याच आर्जिनिनचा युरिया करतं. धाकट्याला कुणी आवरत न्हाई म्हणता ना? हेच आवरतंय की. त्याला काय करत न्हाई, त्याच्या म्होरलं ताट ओढून घेतंय."

"तुझ्याकडे ते आकडे आहेत?" सरांनी विचारलं. ते त्याच्याशी खिडकीतून बोललेले पहिले शब्द.

"वही हाय. पण ती मी देणार न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्हाला बघायची आसंल तर हितं या. रविवारी दुकान बंद आसतंय."

गाडी सुटली. बऱ्याच वेळानं, मंगळवेढ्याच्या पुढं, सर म्हणाले, "युरिया मला दिसत होता. काढून टाकायचा म्हणून तुला सांगितलासुद्धा. तो येतो कुठून हे विचारलं नाही."

पुढचं सव्वा वर्ष मी महिन्यातले दोन-तीन रविवार सांगोल्याला गेले. गाळ्याचं शटर अर्धं वर करून आम्ही त्याची वही आणि माझी वही शेजारीशेजारी ठेवायचो. त्याचं अक्षर दाणेदार होतं, एकही आकडा गिरवलेला नव्हता. तो प्रयोग सुचवायचा, मी सोलापुरात करायचे, आणि निकाल घेऊन परत जायचे. आर्जिनेजला रोखणारा पदार्थ घातला तेव्हा रंग चढतच गेला, नायट्राइट आणि सिट्रुलिन दोन्ही वाढले. त्या दिवशी मी एवढी उतावीळ झाले होते की गाडी थांबायच्या आधीच उतरले आणि गुडघा फोडून घेतला. बिरुदेवनं आधी आकडे बघितले, मग टिंक्चर आयोडीन आणलं. त्याची आई भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन यायची आणि आमचं बोलणं ऐकत बसायची. एकदा तिनं विचारलं, "ह्यो तुमचा वायू जगतो किती?"

"चार-दोन सेकंद."

"आन् त्याच्यापायी तुम्ही वरीस घालवलं?" ती इतकी हसली की आम्हालाही हसू आवरेना.

सर दर सोमवारी मला विचारायचे, "काय म्हणाला वाघमोडे?" मी आकडे सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि मग क्षणभर थांबायचे, आणखी काही आहे का म्हणून. आणखी काही नसायचं. बिरुदेव त्यांचं नाव काढत नव्हता. तो सोलापूरला आला नाही आणि सर पुन्हा सांगोल्याला गेले नाहीत.

लेख लिहून झाला तेव्हा सरांनी पहिल्या पानावर नावं घातली. पहिलं बिरुदेवचं, दुसरं माझं. तिसरं नव्हतंच. अर्काबद्दलचा आमचा आधीचा निष्कर्ष चुकला होता, हे त्यांनी स्वतःच्या हातानं लेखात घातलं होतं, स्वच्छ शब्दांत. नाव मात्र काढून टाकलं होतं.

"सर, तुमचं?"

"माझा त्यात काय भाग? नेऊन दाखव त्याला."

मी रविवारी तो घेऊन गेले. बिरुदेवनं अख्खा लेख वाचला. दोन ठिकाणी पेन्सिलनं खुणा केल्या. मग पहिल्या पानावर परत आला आणि नावं पुन्हा वाचली.

सोमवारी सरांनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणाला वाघमोडे?"

"दोन दुरुस्त्या सांगितल्यात. आणि म्हणाला, तिसरं नाव घातलं नाही तर त्याचंही छापायचं नाही."

"का? माफ केलं म्हणाला?"

"नाही सर. तसं काही म्हणाला नाही." मला ते जसंच्या तसं सांगणं भाग होतं. "म्हणाला, चूक ज्यांनी केली त्यांचं नाव आमच्या नावांखाली नसलं, तर ती दुरुस्त कुणी केली हे वाचणाऱ्याला कळणार कसं?"

सरांच्या खांद्यांना हलकासा हिसका बसला. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मामू दारात ट्रे घेऊन उभे होते, त्यांना काही कळेना.

"बरोबर आहे त्याचं," सर म्हणाले. त्यांनी पेन उघडलं, लेख पुढं ओढला आणि बिरुदेव वाघमोडे, अंबिका गाजूल या नावांच्या खाली, शेवटी, आपलं नाव लिहिलं.